पुली बदलताना

चौकात डावीकडे वळताना स्टिअरिंग एकदम जड झालं. अर्धं वळण झालेलं, गाडीचं नाक एका रस्त्यात आणि शेपूट दुसऱ्यात, आणि चाक काही केल्या फिरेना. पहिल्या क्षणी तिला वाटलं, आपल्याच हातांना काहीतरी झालंय. गेले पाच महिने हे असंच चाललं होतं. हातातून काही निसटलं, पायरी चुकली, एखादा शब्द जिभेवर यायला जरा वेळ लागला की ती आधी आरशासमोर जाऊन हसून बघायची, ओठांची दोन्ही टोकं सारखी वर जातात ना. मग बोनेटखालून आवाज आला, ओल्या काचेवरून अंगठा दाबून ओढावा तसा, आणि समोर बॅटरीचा लाल दिवा लागला. मागून हॉर्न सुरू झाले. तिनं दातओठ खात अंगाचा सगळा भार टाकून चाक ओढलं, गाडी कशीबशी कडेला घेतली, आणि शेजारच्या सीटवरून नवरा स्वच्छ म्हणाला, "गेली."

इस्पितळाच्या औषधखिडकीत बसून तिनं वीस वर्षं हा शब्द ऐकला होता. कुणाची आई, कुणाची बहीण, काल रात्री, आज पहाटे. उरलेल्या गोळ्या परत करायला आलेली माणसं खिडकीतून वाकून हेच सांगायची. आणि आता हा, पाच महिन्यांत ज्याच्या तोंडून एक शब्द जागच्या जागी पडला नव्हता, तो इतका ठाशीव बोलला होता. "कोण? कोण गेली?" तिनं विचारलं. त्यानं डावा हात उचलला, उजवा मांडीवर पडूनच होता, आणि हवेत बोटानं एक गोल काढला. गोल काढता काढता ते बोट हेलकावे खायला लागलं. "बादली," तो म्हणाला. लगेच त्यानं मान झटकली. "बादली. बादली!" ती घाईघाईनं शब्द पुरवायला लागली. "चाक? बेल्ट? पाणी संपलं का?" ही तिची सवयच झाली होती. तो अडला की ती एकामागून एक शब्द पुढे करायची, लहान मुलाला अंगरख्याच्या बाह्या दाखवाव्यात तशी, आणि शेवटी कंटाळून तो कशात तरी हात घालायचा. या वेळी मात्र त्यानं डोळे मिटून घेतले आणि घर येईपर्यंत उघडले नाहीत. दहा मिनिटांचा रस्ता तिनं पंचवीस मिनिटांत काढला. आवाज थांबला नाही. खरं म्हणजे तो आज सुरू झाला नव्हता. तीन आठवड्यांपासून सकाळी गाडी सुरू केली की ती किंचाळी यायची आणि ती रेडिओ मोठा करायची.

घरात शिरल्या शिरल्या तो काठी टेकत बोळातल्या कपाटाशी गेला. खाली बसायला त्याला चार टप्पे लागायचे: काठी, भिंत, गुडघा, मग धपकन. तिनं हात दिला तो त्यानं झिडकारला. जुन्या चादरी, बंद पडलेला पंखा, रंगाचे डबे, सगळं त्यानं एका हातानं बाहेर ओढलं, आणि पार मागे, भिंतीला लागून असलेला खोका काढला. तो तिथं कुणी ठेवला होता हे तिला चांगलंच माहीत होतं. तिनंच, इस्पितळातून पहिल्यांदा घरी आली त्या दुपारी, पायानं ढकलून ढकलून. खोक्यावर निळ्या पेनानं लिहिलं होतं, 'रविवारी'. त्याच्या जुन्या अक्षरात, उजव्या हाताच्या, पुढे झुकलेल्या. तो हात आता चमचाही धरत नव्हता. खोक्यात क्रँकशाफ्टची पुली होती. इंजिनाच्या कुशीला बसणारी, बेल्ट फिरवणारी जड लोखंडी चकती. बेल्ट फिरला की बॅटरी भरते, स्टिअरिंग हलकं होतं, पाणी खेळतं. जुनी डगमगायला लागली आहे हे त्याला दुखण्याआधीच कळलं होतं. आणली, दिवस लिहून ठेवला. तो रविवार आला, आणि त्याच रविवारी त्याला झटका आला.

त्यानं खोका मांडीवर घेतला आणि तिच्याकडे बघितलं. "अहो, नाही," ती म्हणाली. "हे नाही जमायचं."

त्याची बहीण दोन घरं सोडून राहायची. सकाळी ती आली तेव्हा अंगणातल्या सिमेंटवर जुनी चादर पसरलेली होती आणि तो डाव्या हातानं त्यावर नटबोल्टचे पाने मांडत होता, धाकट्यापासून थोरल्यापर्यंत, मधलं अंतरही सारखं. "वहिनी, डोकं ठिकाणावर आहे का तुझं?" नणंद दारातूनच म्हणाली. "गाडीतलं काय कळतं तुला? गॅरेजवाल्याला बोलव, नेईल ओढून."

"त्याला नऊ दिवस सवड नाही म्हणाला."

"मग नऊ दिवस टॅक्सीनं जा. जग बुडतंय का?"

टॅक्सीनं जाता आलं असतं. दुसरा गॅरेजवाला मिळाला असता. तिनं नुसतं अंगणाकडे बोट केलं. "काल रात्रीपासून खोका सोडलेला नाही. उशाला घेऊन झोपले." नणंदेनं भावाकडे बघितलं. तो एक सॉकेट, पान्याचं पोकळ टोक, उन्हात धरून आतून बघत होता, फुंकर मारत होता. तिचा आवाज खाली आला. "दादा, जपून रे बाबा," ती म्हणाली, आणि मग वहिनीला बाजूला घेऊन, "गाडीखाली डोकं घालू नकोस. फोन जवळ ठेव. आणि त्याला उन्हात बसवू नकोस फार." जाताना फाटकाशी थांबून ती परत एकदा बघून गेली, माणसं इस्पितळातल्या खाटेकडे बघून जातात तशी.

पण खरं कारण तिनं नणंदेला सांगितलं नव्हतं. महिन्यापूर्वी, बोलायला शिकवणाऱ्या बाईंच्या खोलीत, त्यानं चित्रांची कार्डं एकेक करून उपडी टाकली होती. कप, छत्री, गाय, घड्याळ. जेटीवरच्या वर्कशॉपमध्ये बोटींची इंजिनं उघडून परत बांधणारा माणूस, त्याच्यासमोर छत्री धरायची आणि विचारायचं हे काय आहे. तो "मंगळवार" म्हणाला, मग कार्ड हातातून घेऊन त्यानं पालथं ठेवलं, आणि उरलेली सगळी, रागानं नव्हे, दुकान बंद करताना फळ्या लावाव्यात तशी. त्यानंतर तो तिथं बोललाच नाही. बाईंनी तिला बाहेर बोलावून सांगितलं, "चुकीचं बोलणाऱ्या माणसाचं मला काही वाटत नाही. गप्प बसायला लागला की मात्र भीती वाटते. त्यांना ज्यात रस आहे असं काहीतरी करा त्यांच्याबरोबर." ती मान डोलवून आली. घरी आल्यावर तिच्या लक्षात आलं की तिला मनातून हायसं वाटलंय. तो गप्प असला की तिला ऐकावं लागत नव्हतं, कळल्यासारखं करावं लागत नव्हतं, आणि मुख्य म्हणजे त्या रविवारच्या सकाळचा आठपासून दहापर्यंतचा वेळ कुणी उकरून काढणार नव्हतं. हे हायसं वाटणं तिला इतकं घाण वाटलं की त्या संध्याकाळी तिनं सगळं घर फिनाईलनं पुसून काढलं.

जॅक तिनंच लावला. कुठं लावायचा ते त्यानं काठीच्या टोकानं दाखवलं. गाडीचा पुढचा भाग हळूहळू वर आला. तिनं लोखंडी टेकू सरकवले. त्यानं जमिनीला गाल लावून ते बघितले, एक बोटभर डावीकडे घ्यायला लावला, मग डावा हात गाडीवर ठेवून गाडी हलवून बघितली. गाडी हलली नाही. तिला मात्र ती हलताना दिसली, एकदा, दोनदा, तिच्या छातीवर येताना दिसली, आणि ती डोळे उघडे ठेवून चाकाचे नट काढत राहिली. उजवं चाक निघालं. आतला प्लास्टिकचा पडदा निघाला. त्याच्यामागे तेलकट अंधारात ती पुली होती. त्यानं तिचा हात धरून बेल्टला ताण देणाऱ्या छोट्या चाकावर नेला, पाना लावून ढकलायला लावला, आणि बेल्ट सुटून मेलेल्या सापासारखा लोंबला. मग त्यानं नखानं पुलीची कड हलवली. बाहेरची कडी आतल्या कडीवर सैल फिरली. दोघींच्या मधलं रबर कुजून त्याचे काळे तुकडे पडत होते. बाहेरून पाहिलं तर चकती एकसंध होती. आतलं फिरत होतं आणि बाहेरच्याला ते पोचतच नव्हतं. त्यानं तिच्याकडे असं बघितलं, जणू विचारत होता, बादली म्हणालो तेव्हा यात न कळण्यासारखं काय होतं.

मधला बोल्ट निघेना. तो बोटभर जाडीचा, आणि बसवणाऱ्यानं तो कधी काढायचा नाही अशाच बेतानं बसवलेला. तो काढायचा तर इंजिन आतून धरून ठेवायला हवं, म्हणजे गाडी गिअरमध्ये घालून कुणीतरी ब्रेक दाबून बसायला हवं. दोघंच होते. तो काठी टेकत दाराशी गेला, सीटवर बसला, उजवा पाय दोन्ही, म्हणजे एकाच, हातानं उचलून आत घेतला. पाच महिन्यांनी तो त्या सीटवर बसत होता. तिनं खिशावरून हात फिरवून चावी आहे ना बघितलं. चावी मांडीला टोचत होती. त्याला ते दिसलं असणार. तो समोर बघत राहिला. त्यानं डाव्या हातानं गिअर टाकला, सराईत, न बघता, आणि डावा पाय ब्रेकवर ठेवला. "दाबा!" ती चाकाच्या पोकळीतून ओरडली आणि लांब दांड्याला लोंबकळली. दांडा जरा खाली आला. तिला वाटलं आला, पण बोल्ट ढिला झाला नव्हता, सगळंच फिरलं होतं. ब्रेक सुटला होता. डावा पाय त्या कामाचा नव्हता, त्याला क्लचची सवय. परत. "दाबा!" परत घसरला. तिसऱ्यांदा आतून धाडकन आवाज आला. त्यानं मूठ स्टिअरिंगवर मारली होती. ती उठून बघते तर त्यानं कपाळ स्टिअरिंगला टेकवलं होतं आणि मान गदागदा हलत होती. तिला क्षणभर वाटलं परत झालं. परत झटका आला. आता इथं, या सीटवर, आणि आपणच बसवला. "अहो! अहो, इकडे बघा!" त्यानं वर बघितलं. दोन्ही डोळे, दोन्ही ओठ, होते तसेच होते. तो नुसता रडत होता.

मग त्यानं हात पुढे केला. तळहात वर. चावी.

"कशाला?" ती म्हणाली. त्यानं दांड्याकडे बोट केलं, मग चावी फिरवल्याचं केलं, एकदाच, चुटकीभर, आणि लगेच हात मागे. तिला कळलं. लग्नानंतरच्या दिवसांत तो जेवताना वर्कशॉपच्या गोष्टी सांगायचा आणि ती हं हं करत आपल्याच विचारात असायची. त्यातली एक ही होती. दांडा बोल्टला लावायचा, दुसरं टोक जमिनीला टेकवायचं, आणि स्टार्टरचा एक झटका द्यायचा. इंजिन फिरायला जातं, दांडा बोल्टला फिरू देत नाही, कितीही घट्ट असो, सुटतो. त्यानं हे सांगताना घास हातात धरून ठेवला होता, इतका रंगला होता. आणि दांडा उलट्या बाजूला लावला तर काय होतं तेही त्यानं सांगितलं होतं, कुणाचा तरी जबडा, कुणाची तरी हयातभर पेज. पण सुलट बाजू कुठली? ते तिला काही केल्या आठवेना. खिडकीत बसून ती डॉक्टरांची न लागणारी अक्षरं वाचायची. लागलं नाही तर अंदाज करायचा नाही, फोन करून विचारायचं. नव्या मुलींना ती हे दहादा बजावायची. आणि घरातल्या माणसाचं बोलणं मात्र पाच महिने अंदाजानं चाललं होतं.

इंजिन चालूच होऊ नये म्हणून त्यानं डॅशखालचा एक फ्यूज उपटून काढला, तिला दाखवला आणि शर्टाच्या खिशात टाकला. गिअर काढला. ते बघून तिला धीर आला. इतकं ज्याला आठवतंय त्याला चावी द्यायला काय हरकत आहे. तिनं दिली. दांडा लावायला गेली तेव्हा मागच्या अंगाला, दाराच्या बाजूला, जागा ऐसपैस होती, म्हणून तिनं तो तिकडे वळवून लाकडाच्या ठोकळ्यावर टेकवला. सॉकेट बोल्टवरून निसटू नये म्हणून उकिडवं बसून, पुढे वाकून, एका हातानं तिनं ते दाबून धरलं. "लावला!" ती ओरडली. "बरोबर आहे का बघा!"

त्यानं खिडकीतून वाकून बघितलं. "हो," तो म्हणाला.

"हो ना?"

"हो. हो! हो, हो, हो!" आवाज चढत गेला. तिला वाटलं तो उतावीळ झालाय, त्याला घाई झालीय, पाच महिन्यांनी कशाला तरी हात लागलाय त्याचा. "मग फिरवा!" ती म्हणाली आणि डोळे घट्ट मिटून दात आवळले. झटका आला नाही. काहीतरी चकाकून तिच्या डोक्यावरून गेलं आणि पलीकडे पाण्याच्या पिंपावर आपटून खणकन खाली पडलं. तिनं डोळे उघडले. त्यानं चावी फेकून दिली होती.

पहिल्यांदा तिला संताप आला. सगळ्या अंगातून, पायांच्या बोटांपासून. इतकं सगळं करायचं, वंगणात लोळायचं, आणि यानं पोरासारखी चावी भिरकवायची! ती ताडकन उठली, तोंडाशी आलेलं बोलणार, आणि तिला त्याचा चेहरा दिसला. तो पांढरा फटक पडला होता. घाम कानशिलावरून ओघळत होता. तोंड अजून "हो, हो" करत होतं, आणि डाव्या हातानं, पंजा पसरून, त्यानं तेच तोंड दाबून धरलं होतं. दुसऱ्या कुणाचं तोंड बंद करावं तसं.

दार उघडून तो बाहेर आला. काठीसाठी थांबला नाही. गाडीला धरून धरून, उजवा पाय ओढत, चाकाच्या जागेशी येऊन तो ठोकळ्याशेजारी धपकन बसला. दांड्याच्या टोकाला त्यानं हात घातला आणि तो वर नेला, सावकाश, मग वेगानं, मघाशी तिचं डोकं होतं तिथपर्यंत. थांबला. तिच्याकडे बघितलं. परत तसंच केलं. मग दांडा काढून त्यानं पलीकडे वळवला, गाडीच्या नाकाकडे, आणि जमिनीवर थाप मारली. इकडे. तीही खाली बसली, सिमेंटवर, त्याच्यासमोर. रस्त्यानं कुणीतरी सायकलची घंटा वाजवत गेलं.

"तुम्हाला कळतं," शेवटी ती म्हणाली. "तोंडातून उलटंच निघालं की तुम्हाला कळतं."

त्यानं होकारार्थी मान हलवली.

"दर वेळी? तुम्ही बादली म्हणता तेव्हा बादली म्हणालात हे ऐकू येतं तुम्हाला?"

त्यानं तिच्याकडे अशी नजर टाकली की या बाईला पाच महिने काय वाटत होतं. मान हलवली.

तिला वाटत होतं की त्याला कळत नसेल. डॉक्टर काय म्हणाले ते तिनं नीट ऐकलं नव्हतं, सोयीचं तेवढं ऐकलं होतं. त्याच्या बोलण्याला मान डोलवायची, हो हो, बरोबर, आणि तो बिचारा समाधानानं. असं तिनं धरून चाललं होतं. म्हणजे तो रोज तिचं मान डोलावणं बघत होता. म्हणजे त्या सकाळीही. "त्या रविवारी," ती म्हणाली, आणि मग थांबता येईना. "अंडं पुढ्यात होतं, तुम्ही मिठाकडे बोट करून चावी दे म्हणालात. आणि मी हसले. अंड्याला कुलूप लावलंय का, म्हटलं. मग टॉवेलला तुम्ही बुधवार म्हणालात. तरी हसले. मला वाटलं चेष्टा करताय, तुम्ही नेहमीच करता. इस्पितळात काम करते मी! तशी बोलणारी माणसं रोज बघते, आणि अंघोळीला निघून गेले, केस धुतले, कपडे वाळत घातले. दहाला बाहेर आले तेव्हा तुम्ही पायरीवर बसला होता, हा खोका मांडीवर, तोंड एका बाजूला. डॉक्टरांना मी वेळ खरी सांगितली. आठ. हसले हे नाही सांगितलं. कुणालाच नाही. दोन तास! दोन तास आधी नेलं असतं तर..." पुढचं तिला माहीत होतं, कुठलं इंजेक्शन, किती मिनिटांत, मेंदूचा किती भाग, तिच्याच कपाटात ते असायचं, वरच्या खणात, थंड.

तो ऐकत होता. मध्येच त्यानं डावा हात उचलला, तिला वाटलं आता मारतो, मारलं तर बरं. त्यानं तो स्वतःच्या छातीवर ठेवला. "मी," तो म्हणाला. थांबला. मानेवरची शीर टरारली. "मी पण."

"तुम्ही पण काय?"

"मी पण हस... हसलो." त्यानं बोटं पसरून हात तिच्यासमोर धरला आणि मुद्दाम थरथरवला. थरथरवता थरथरवता तो खरंच थरथरायला लागला. "भ्या..."

"भ्यालात?"

मान हलली. तिला तो टेबलाशी बसलेला दिसला. चावी म्हणाला होता, ऐकलं होतं त्यानं, आणि ती हसल्यावर तोही हसला होता, जरा मोठ्यानं, जरा उशिरा. तिला ते हसणं आता ऐकू आलं. घाबरलेल्या माणसाचं होतं. म्हणजे दोन तास तो ते लपवत बसला होता. खोका घेऊन पायरीवर गेला, काम सुरू केलं की जाईल असं वाटलं असेल. तिला वाटलं होतं, कधीतरी हे बोलून टाकलं की ओझं उतरेल. उतरलं नाही. उलट राग आला. "मग सांगितलं का नाहीत?" ती ओरडली. "हाक मारायची होती! सांगायचं की काहीतरी होतंय!" ओरडल्यावर तिचं तिलाच कळलं आपण कुणाला काय विचारतोय. मग त्याच्या नाकातून हुंकारासारखं काहीतरी निघालं, ते हसू होतं की काय कुणास ठाऊक, आणि त्यानं पिंपाकडे बोट केलं.

चावी पिंपामागे शेवाळात पडली होती. ती तिनं कुर्त्याला पुसून त्याला दिली. या वेळी दांडा पुढे होता, आणि ती पार फाटकाशी जाऊन उभी राहिली, कानांवर हात ठेवून. खाटकन आवाज झाला, हाड मोडल्यासारखा, आणि सगळी गाडी टेकूंवर शहारली. त्या शहाऱ्यात तिचा जीव जाऊन आला. गाडी जागेवरच होती. बोल्ट हातानं फिरला.

पुढचं काम तीन तास चाललं. ओढून काढायच्या यंत्राचे तीन पाय जुन्या पुलीला नीट बसेनात, दोनदा निसटले, तिची बोटं सोलली. नवी पुली सरळ बसते आहे की तिरकी, हे त्यानं तिला डोळे मिटून बोटांनी चाचपून बघायला लावलं. बोल्ट आवळताना परत तोच प्रश्न आला. त्यानं या खेपेला सीट पुढे ओढून घेतली, पाठ मागे रोवली, आणि डाव्या पायानं ब्रेक असा दाबला की गाडीच्या आत काहीतरी करकरलं. ती दांड्याला लोंबकळली. पाय सुटेल, आता सुटेल, असं ती मनात म्हणत राहिली. सुटला नाही. ठरलेला जोर आल्यावर पान्यातून टक असा बारीक आवाज आला आणि आतून त्यानं, न विचारता, भोंगा वाजवला. नणंद धावत फाटकापर्यंत आली. दोघांकडे बघून कमरेवर हात ठेवून उभी राहिली, म्हणाली, "जिवंत आहात ना? मग ठीक," आणि परत गेली.

उन्हं कलायच्या बेताला चाक बसलं, गाडी खाली आली. फ्यूज लावला. तो आपण होऊन फिरून पलीकडच्या सीटवर जाऊन बसला, काही न म्हणता, आणि पट्टा लावून घ्यायला डाव्या हातानं धडपडत राहिला. तिनं चावी फिरवली. इंजिन सुरू झालं. लाल दिवा विझला. किंचाळी नाही. तिचा विश्वास बसेना. ती वाट बघत राहिली, आत्ता येईल, थोडं तापलं की येईल. फाटकातून बाहेर, गल्लीच्या तोंडापर्यंत, तिथून मोठ्या रस्त्याला. स्टिअरिंग बोटांवर फिरत होतं. ती आवाजासाठी इतका कान देऊन चालवत होती की दुकानं, माणसं, दिवे नुसते सरकत गेले. लोक गाडीकडे बघताहेत असं तिला वाटलं, सिग्नलला शेजारच्या गाडीतली बाई तर टक लावून बघत होती. चाक सैल राहिलं का? धूर येतोय का?

शाळेच्या भिंतीशी आल्यावर तो म्हणाला, "तु..."

"तुम्हाला पाणी हवंय?" ती म्हणाली. "गरम होतंय? दमलात? घरी जायचं?"

"तु... तुझ..." त्याची मान आखडली. डावा हात हवेत उठला आणि तसाच राहिला.

तिच्या जिभेवर आणखी चार शब्द तयार होते. तिनं ते गिळले. गाडी भिंतीशी लावली, इंजिन बंद केलं आणि त्याच्याकडे वळून बसली. त्याचे ओठ हलत होते, एखादं अक्षर चाचपून सोडून देत होते. तुझ्यामुळे, तिच्या मनात आलं. तुझ्यामुळे झालं. दुपारी ऐकलं तेव्हा काही बोलला नाही, आता बोलणार. किंवा तुझ्यानंतर, तुझ्याशिवाय, कुठलंही असेल. तिला दार उघडून निघून जावंसं वाटलं, रेडिओ लावावासा वाटला. रस्त्यावरून एक ट्रक गेला, मग दुसरा. शाळेचा रखवालदार येऊन बघून गेला. ती बसून राहिली. त्यानं डोळे मिटले, मोठा श्वास घेतला, जिन्याची शेवटची पायरी चढावी तसा जोर केला.

"तुझी," तो म्हणाला, "ह... हनु... हनुवटी." डोळे उघडले. "काळी."

तिनं वरचा आरसा वळवून बघितलं. हनुवटीपासून पार कानापर्यंत वंगणाचा पट्टा ओढलेला होता.